मराठी मालिकांतले एजंट, मॅनेजर आणि कोऑर्डिनेटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑडिशन देणारे नवे कलाकार, पहिला रोल मिळालेले आणि लहान मुलांना घेऊन येणारे पालक यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुंबई-ठाण्यात चित्रित होणाऱ्या मराठी मालिका डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. दोन उत्तरांत एकच मुद्दा येत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एजंट, मॅनेजर, कोऑर्डिनेटर, कास्टिंग डायरेक्टर: सगळे एकच का?

नाही, आणि बहुतेक भांडणं या गोंधळातूनच सुरू होतात. कास्टिंग डायरेक्टर प्रॉडक्शन हाऊसचा किंवा चॅनेलचा माणूस असतो. भूमिकेसाठी कलाकार शोधायचे त्याला तिकडून पैसे मिळतात, त्यामुळे त्याने तुमच्याकडून काही घ्यायचं कारण नाही. कोऑर्डिनेटर मधला दुवा असतो. 'आई, वय ४५ ते ५०, मालवणी बोलता यायला हवी' असा निरोप त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो, तो चार-पाच जणांचे व्हिडिओ पुढे पाठवतो आणि ज्याचं काम होईल त्याच्याकडून कमिशन घेतो. मॅनेजर किंवा एजंट मात्र तुमचा असतो. तो मानधन ठरवतो, डेट्स सांभाळतो, करार वाचतो, वसुलीच्या मागे लागतो.

समोरच्याला पहिल्याच भेटीत विचारा: 'या कामात तुम्ही माझ्या बाजूने आहात की प्रॉडक्शनच्या?' उत्तर गोलमोल आलं तर त्याला कोऑर्डिनेटर समजा आणि फक्त त्या एका कामापुरता व्यवहार ठेवा.

२. मालिकेत काम मिळवायला एजंट लागतोच का?

लागत नाही. मराठीत आजही कितीतरी कलाकार एकांकिका स्पर्धांतून, प्रायोगिक नाटकांतून आणि थेट ऑडिशनमधून मालिकेत येतात. पहिल्या छोट्या भूमिकेसाठी कोऑर्डिनेटर पुरतो. एजंटचा खरा उपयोग दोन ठिकाणी होतो. एक, मुख्य भूमिकेचा दोन-तीन वर्षांचा करार समोर येतो तेव्हा. दोन, मालिकेसोबत नाटक, जाहिरात आणि सुपाऱ्या (पैसे घेऊन कार्यक्रमांना हजेरी) सुरू होऊन तारखा एकमेकींवर आदळायला लागतात तेव्हा. त्याआधी पक्का करार करून मोकळीक घालवू नका.

३. एजन्सी नोंदणीचे ५,००० आणि पोर्टफोलिओचे २५,००० मागते आहे. भरू का?

भरू नका. खरा एजंट तुमच्या कमाईतून कमावतो, तुमच्या खिशातून नाही. 'आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ काढा' ही अट असेल तर तो फोटोंचा धंदा आहे. रोल कन्फर्म झाल्याचं सांगून ड्रेसचं डिपॉझिट, आर्टिस्ट कार्ड, विमा किंवा करारपत्राचं शुल्क मागणं ही सरळ फसवणूक आहे. चॅनेलच्या लोगोचं पत्र कुणालाही बनवता येतं. पत्रावरच्या प्रॉडक्शन हाऊसच्या कार्यालयात स्वतः फोन करा, पत्रात दिलेल्या नंबरवर नको.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवले गेले तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून इथे तासांनाही किंमत आहे.

४. एजंटला पहिल्यांदा काय पाठवायचं?

तीन फोटो आणि एक इंट्रो, म्हणजे स्वतःची ओळख करून देणारा व्हिडिओ. फोटो जवळचा, कंबरेपर्यंतचा आणि पूर्ण उंचीचा. फिल्टर नको, जड मेकअप नको. गेल्या सहा महिन्यांतलेच हवेत. लग्नातला पैठणी नेसलेला फोटो घरच्यांना कितीही आवडला तरी त्यातून चेहरा कळत नाही.

इंट्रो एका मिनिटाच्या आत. मोबाइल आडवा, मागे साधी भिंत, उजेड समोरच्या खिडकीतून. नाव, वय, उंची, सध्या राहता ते ठिकाण, येणाऱ्या भाषा आणि बोली, आधीचं काम. मग डावी प्रोफाइल, उजवी प्रोफाइल आणि दोन्ही हात पुढून-मागून. बोली खरोखर येत असेल तरच सांगा. 'अहिराणी येते' म्हणून गेलेल्या कलाकाराची पोलखोल पहिल्या वाक्याला होते आणि त्याच्यासोबत एजंटचाही शब्द पडतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ नेहमीसारखा टाकला की तो दाबला जाऊन धुरकट दिसतो, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फाइलला नाव, वय, उंची आणि शहर या क्रमाने नाव द्या. 'व्हिडिओ फायनल २' अशी फाइल दीडशे फाइलींत कुणाला सापडत नाही.

५. कमिशन किती आणि कशावर?

साधारण १० ते २० टक्के. टक्क्यावर घासाघीस सगळेच करतात, पण टक्का कोणत्या रकमेवर हे विचारायचं राहून जातं आणि फरक तिथे पडतो.

समजा पर डे, म्हणजे एका दिवसाचं मानधन, ५,००० रुपये आणि महिन्यात २२ दिवस काम झालं. बिल १,१०,०००. प्रॉडक्शन हाऊस १० टक्के टीडीएस कापतं, म्हणजे ११,००० गेले आणि खात्यात ९९,००० आले. १५ टक्के कमिशन बिलावर धरलं तर १६,५०० होतं, हातात आलेल्या रकमेवर धरलं तर १४,८५०. महिन्याला १,६५० आणि वर्षाला १९,८०० चा फरक. एजंट जीएसटी नोंदणीकृत असेल तर १६,५०० वर १८ टक्क्यांनी आणखी २,९७० लागतात. शेवटी तुमच्याकडे उरतात ७९,५३०.

टीडीएस हा तुमच्याच नावावर भरलेला कर आहे, रिटर्न भरताना तो हिशेबात धरला जातो. त्यामुळे बिलावर कमिशन मागणारा एजंट अन्याय करतो असं नाही. फक्त हे गणित आधी मांडून मग टक्का ठरवा. या तीन गोष्टी मात्र कागदावर हव्यातच:

पहिली, कन्व्हेयन्स (प्रवासखर्च), कपड्यांचे परत मिळणारे पैसे आणि तुम्ही लावलेला जीएसटी यांवर कमिशन नाही. दुसरी, पैसे खात्यात जमा झाल्यावरच कमिशन. जूनमधल्या कामाचे पैसे ९० दिवसांच्या अटीने सप्टेंबरअखेर येणार असतील तर जुलैमध्ये कमिशन मागायचं नाही. तिसरी, एका भूमिकेवर एकूण कमिशनची कमाल मर्यादा. ही नसेल तर रोल आणणारा कोऑर्डिनेटर १० टक्के घेतो, वर तुमचा मॅनेजर १५ घेतो आणि पाव मानधन जातं. रोल कोऑर्डिनेटरकडून आला तर त्याचा वाटा मॅनेजरच्या टक्क्यातून जाईल, असं लिहून घेता येतं.

मालिका तीन वर्षं चालली तर तीन वर्षं कमिशन द्यायचं का? ठरवाल तसं. पहिल्या वर्षी १५ आणि पुढे १० हा रास्त तोडगा आहे. पर डे वाढवून घेण्याची बोलणी एजंटने केली असतील तर वाढीवर त्याचा हक्क आहे. चॅनेलने आपणहून वाढ दिली असेल तर त्यावर किती, हे आधीच ठरवून ठेवा.

६. मानधन एजंटच्या खात्यात जातं. चालेल का?

टाळता आलं तर टाळा. प्रॉडक्शन हाऊसने पैसे तुमच्या खात्यात भरावेत आणि एजंटने त्याच्या कमिशनचं बिल तुम्हाला द्यावं, हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. पैसे एजंटच्या नावावर गेले की टीडीएससुद्धा त्याच्या पॅनवर जमा होतो. मग वर्षअखेर आयकर पोर्टलवर तुमच्या नावापुढे काहीच दिसत नाही, आणि कापला गेलेला कर तुम्हाला मागता येत नाही.

एजन्सी ऐकतच नसेल तर तिच्याकडून किती दिवसांत पैसे येणार हे लिहून घ्या (सात दिवस पुरेसे आहेत), प्रॉडक्शनला दिलेल्या प्रत्येक बिलाची प्रत मागा आणि तुम्हाला पैसे देताना तिने तुमच्या पॅनवर टीडीएस भरला का, ते दर तिमाहीला पोर्टलवर तपासा. मागितल्यावर हिशेब देणं ही एजंटवर भारतीय करार कायद्याच्या कलम २१३ ने घातलेली जबाबदारी आहे. हिशेब मागताना संकोच करण्याचं काहीच कारण नाही.

७. एजंटशी करार करताना कोणती कलमं बघायची?

मुदत: पहिल्यांदा एक वर्ष, फार तर दोन. 'नोटीस न दिल्यास आपोआप नूतनीकरण' हे कलम खोडा. तारीख विसरते आणि आणखी तीन वर्षं अडकायला होतं.

कामाची व्याप्ती: मालिका, सिनेमा, वेब, नाटक, जाहिरात, सुपाऱ्या, सोशल मीडिया यांतलं काय काय एजंटकडे आहे, ते एकेक नावाने लिहा. 'सर्व प्रकारची मनोरंजनविषयक कामं' असं लिहिलं की एकांकिकेच्या परीक्षणाच्या मानधनातही वाटा द्यावा लागतो.

आधीची कामं: सह्या होण्याआधी तुम्ही मिळवलेल्या मालिका, नाटकं आणि ग्राहक यांची यादी जोडा. त्यांवर कमिशन नाही.

काम न मिळाल्यास: सहा महिन्यांत एकही पक्कं काम आलं नाही तर करार मोडायची मुभा. हे कलम मागितलं की एजंटला स्वतःच्या शब्दावर किती भरवसा आहे ते कळतं.

सहीचा अधिकार: तुमच्या वतीने बोलणी करण्याचा अधिकार द्या, सही करण्याचा नको. मुखत्यारपत्र तर नकोच.

नंतरचं कमिशन: एजंटने आणलेलं काम करार संपल्यावरही चालू असेल तर त्या कामावर कमिशन मागणं रास्त आहे, पण त्याला सहा महिने किंवा वर्षाची मर्यादा घाला.

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांसाठी १०० ऐवजी ५०० रुपयांचा स्टँप लागतो. दोन मूळ प्रती करा. 'सही करून द्या, आम्ही प्रत पाठवतो' यावर विसंबू नका. ती प्रत हाती येते तेव्हा बहुतेक वेळा वाद पेटलेला असतो.

८. एजंटशी एक्स्क्लुझिव्ह (फक्त त्याच्यामार्फतच काम घेण्याचा) करार केलाय. नाटक आणि सुपाऱ्या स्वतः घेऊ शकतो का?

हे दोन कागदांवर अवलंबून आहे आणि लोक एकच बघतात. एजंटसोबतचा करार सांगतो की काम कोणामार्फत घ्यायचं. मालिकेचा करार सांगतो की ते काम घेता येईल की नाही. मुख्य भूमिकेच्या करारात बहुधा दुसऱ्या चॅनेलवर दिसायला बंदी असते आणि उद्घाटनं, दहीहंडी, नवरात्रीच्या सुपाऱ्या, पेड रील यांसाठी लेखी परवानगी लागते. एजंट हो म्हणाला म्हणून चॅनेलची परवानगी मिळाली असं होत नाही. नाटक चालू असेल तर ते 'आधीपासूनचं काम' म्हणून मालिकेच्या करारात प्रयोगांच्या वारांसह लिहून घ्या. शनिवार-रविवार सुटी तोंडी कबूल झालेली असते, पण एपिसोडची बँक (आधीच चित्रित करून ठेवलेले भाग) संपली की तोंडी शब्द कुणाच्याच लक्षात राहत नाही.

९. मालिकेच्या करारात एजंटने माझ्यासाठी काय मिळवायला हवं?

एजंटची लायकी इथे कळते. पर डेपेक्षा महत्त्वाची असते महिन्यातल्या किमान दिवसांची हमी. ७,००० पर डे ऐकून दुसरं काम सोडलं आणि कथेचा ट्रॅक बदलल्यावर महिन्यात सहाच दिवस बोलावलं, तर हाती ४२,००० येतात. ५,००० पर डे पण २० दिवसांची हमी असेल तर एक लाख. चांगला एजंट आधी दिवस ठरवतो, मग दर.

त्यानंतर: शिफ्ट किती तासांची आणि जादा वेळेचे पैसे कसे, कॉल टाइम (कामावर हजर व्हायची वेळ) घरून निघाल्यापासून धरायचा की सेटवर पोचल्यापासून, सातारा-वाईसारख्या ठिकाणी चित्रीकरण असेल तर राहणं, जेवण आणि प्रवासाचे दिवस, पेमेंट किती दिवसांनी, दरवर्षीची वाढ किती टक्के. सगळ्यात शेवटी बाहेर पडण्याचं कलम नीट वाचा. प्रॉडक्शन तुम्हाला एका दिवसात काढू शकतं आणि तुम्हाला मात्र ९० दिवसांची नोटीस द्यायची, असा एकतर्फी मजकूर सर्रास असतो. दोन्हीकडे सारखी मुदत मागा. मिळेलच असं नाही, पण न मागणारा एजंट १५ टक्के कशाचे घेतो हा प्रश्न उरतो.

१०. एजंटने एकाच दिवशी दोन ठिकाणी डेट दिली. चूक त्याची, नाव माझं खराब होतंय.

डेट्सची डायरी एकच आणि ती तुमच्या हातात, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. मोबाइलमधलं शेअर केलेलं कॅलेंडर पुरतं. तात्पुरती विचारणा एका रंगात, पक्की डेट दुसऱ्या. तुमच्या लेखी होकाराशिवाय कोणतीही डेट पक्की नाही, असं एजंटला आणि प्रॉडक्शनलाही एकदा मेसेजवर कळवून ठेवा.

दुसऱ्या दिवसाचा कॉल टाइम बहुधा आदल्या संध्याकाळी किंवा रात्रीच येतो, म्हणून घोळ उशिरा कळतो. घोडबंदरला शूट आणि त्याच दिवशी दादरला शिवाजी मंदिरात प्रयोग असेल तर प्रवासाला आणि मेकअपला मिळून निदान तीन तास मोकळे हवेत. हे एजंटने गृहीत धरायचं नाही, तुम्ही लिहून द्यायचं. घोळ झालाच तर दोन्ही प्रॉडक्शनना स्वतः फोन करा. एजंटकडून गेलेला निरोप बहुतेकदा 'कलाकार नखरे करतोय' असाच पोचतो.

११. प्रॉडक्शन हाऊसने पैसे बुडवले तर एजंट भरून देतो का?

करारात तसं लिहिलं नसेल तर नाही. पाठपुरावा मात्र त्याचं काम आहे. तुम्ही रोजच्या कामाची नोंद ठेवा: तारीख, कॉल टाइम, पॅक-अपची (काम संपल्याची) वेळ, सीनची संख्या, व्हाउचरचा फोटो. तुम्ही सिंटाचे, म्हणजे सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशनचे सदस्य असाल तर या नोंदींसह तिथे तक्रार करता येते. थकलेल्या रकमेसाठी दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची आहे. पुढच्या मालिकेत काम मिळेल या आशेवर ती संपू देऊ नका. प्रॉडक्शनने एजंटला पैसे दिले आणि त्यानेच ते अडकवले असतील तर गोष्ट वेगळी: करार कायद्याच्या कलम २१८ प्रमाणे तुमच्या वतीने मिळालेली रक्कम त्याने तुम्हाला द्यायलाच हवी.

१२. एजंट सोडायचा आहे. कसं सोडू?

आधी करारातली नोटीसची मुदत पाहा आणि ईमेलने नोटीस द्या. मुदत लिहिलेली नसेल तर कलम २०६ नुसार 'वाजवी' नोटीस लागते. ३० दिवस ठेवलेत तर सहसा कुणी आक्षेप घेणार नाही. ठरलेल्या मुदतीआधी सबळ कारण नसताना सोडलं तर तो भरपाई मागू शकतो (कलम २०५). पण 'माझ्यामार्फतच काम कर' अशी सक्ती कोर्टाकडून करून घेणं त्याला जवळजवळ अशक्य आहे, कारण असं नातं परस्पर विश्वासावर चालतं.

नोटीससोबत एक यादी जोडा: त्याने आणलेली चालू कामं, येणं बाकी असलेले पैसे, द्यायचं कमिशन. चालू बोलण्यांबद्दलही त्यात लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी मिळालेल्या रोलवर 'ती ओळख मी करून दिली होती' असा दावा येतो. हिशेब मिटला की 'काही येणं-देणं नाही' असं दोन ओळींत लिहून घ्या.

१३. करार संपल्यावरही 'दोन वर्षं दुसऱ्या एजन्सीकडे जायचं नाही' असं कलम आहे. बांधील आहे का?

करार चालू असताना एक्स्क्लुझिव्ह राहण्याचं बंधन सहसा टिकतं. करार संपल्यानंतरचं बंधन करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही. या विषयावरचा महत्त्वाचा निकाल एका मराठी क्रिकेटपटूच्या प्रकरणात लागला. श्रीरामपूरचा झहीर खान आणि पर्सेप्ट डी'मार्क या कंपनीतला करार तीन वर्षांचा होता. मुदत संपल्यावरही दुसरीकडून आलेला प्रस्ताव आधी आमच्यापुढे ठेवायचा, आम्ही तेवढेच पैसे देऊ केले तर आमच्याकडेच राहायचं, अशी अट होती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करार संपल्यानंतर अशी अट लागू होत नाही असं ठरवलं. म्हणून 'पहिला नकाराधिकार' असं सौम्य नाव दिलेलं कलमही घाबरून पाळू नका. वकिलाला दाखवा.

१४. माझा एजंट प्रॉडक्शनकडूनही पैसे घेतो असं कळलं.

तुम्हाला सांगून आणि तुमच्या संमतीने घेत असेल तर तो व्यवहार आहे. लपवून घेत असेल तर तुमचा दर कमी ठेवण्यात त्याचा फायदा झाला असण्याची दाट शक्यता आहे. असा गैरव्यवहार सिद्ध झाला तर त्या कामाच्या कमिशनवरचा त्याचा हक्क जातो (कलम २२०). प्रॉडक्शनने मंजूर केलेला दर आणि तुम्हाला सांगितलेला दर जुळतो का, हे पाहायचा सोपा उपाय म्हणजे करार आणि बिल नेहमी स्वतःच्या नावाने करणं (प्रश्न ६).

१५. माझ्या आठ वर्षांच्या मुलीला रोल मिळाला आहे. एजंटशी करार कोणी करायचा?

अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, व्यक्तीचा करार कायद्याने निरर्थक आहे आणि पालकाने सही केली म्हणजे सगळं पक्कं झालं असंही नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा राजराणी विरुद्ध प्रेम अदीब हा जुना निकाल पालकांना माहीत असायला हवा. अज्ञान मुलीच्या सिनेमातल्या कामाचा करार वडिलांनी केला होता, निर्मात्याने तो मोडला, आणि करारच निरर्थक ठरल्यामुळे भरपाई मिळाली नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की मुलांच्या बाबतीत नुसत्या कागदावर भिस्त ठेवू नका. पेमेंट थोड्या-थोड्या अंतराने घ्या आणि थकबाकी साचू देऊ नका.

बालकामगार कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त बोलावता येत नाही, चित्रीकरणासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची असते, आणि मानधनातले किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवेत. या २० टक्क्यांतून कमिशन कापणाऱ्या एजंटला साफ नकार द्या. पाच तास सेटवर पोचल्यापासून मोजले जातात की पहिल्या शॉटपासून, हे पहिल्याच दिवशी विचारा.

१६. मीटिंगसाठी रात्री हॉटेलवर बोलावलं आहे. नाही म्हटलं तर काम जाईल का?

जाऊ नका. ऑडिशन आणि लूक टेस्ट दिवसा, कार्यालयात किंवा स्टुडिओत होतात. सोबत कुणाला तरी न्या. गैरवर्तन झालं तर मेसेज आणि कॉलची नोंद पुसू नका. प्रॉडक्शन हाऊसमध्ये दहा किंवा जास्त लोक काम करत असतील तर कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि तुम्ही पगारी नोकर नसलात तरी तक्रार करू शकता. छोट्या एजन्सीविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुदत घटनेपासून तीन महिने, योग्य कारण असेल तर आणखी तीन. पोलीस तक्रारीचा मार्ग यापेक्षा वेगळा आहे आणि तोही खुला असतो.

१७. मला जीएसटी नोंदणी लागेल का?

वर्षाची एकूण कमाई २० लाखांच्या वर गेली तर लागेल. ८,००० पर डे, महिन्याला २२ दिवस, बारा महिने म्हणजे २१,१२,०००, म्हणजे मर्यादा ओलांडली. नाटकाच्या नाइट (प्रत्येक प्रयोगाचं मानधन), सुपाऱ्या आणि पेड रील हेही यात धरा. कमाई एजंटच्या खात्यातून आली म्हणून ती मोजायची नाही, असं नाही.

१८. मी अमेरिकेत राहते आणि तिथल्या वृत्तवाहिनीत जायचं आहे. हेच नियम लागू होतात का?

नाही. मराठी वृत्तवाहिन्यांत अँकर बहुधा थेट नोकरीला लागतात, एजंट क्वचितच असतो. अमेरिकेत मात्र अँकर आणि रिपोर्टर ठरावीक वर्षांच्या करारावर काम करतात आणि एजंट ठेवणं नेहमीचं आहे. कॅलिफोर्नियात कलाकारांसाठी काम मिळवून देणाऱ्याला राज्याच्या लेबर कमिशनरचा परवाना लागतो, 'पर्सनल मॅनेजर' म्हणवणाऱ्याने परवान्याशिवाय काम मिळवून देणं बेकायदा आहे. सॅग-आफ्ट्रा या तिथल्या कलाकारांच्या संघटनेची मान्यता असलेल्या एजंटचं कमिशन १० टक्क्यांपर्यंत असतं. नोकरी सोडल्यावर त्याच शहरातल्या दुसऱ्या वाहिनीत जायला बंदी घालणारं कलम तिथे सर्रास भेटतं. न्यूयॉर्क राज्याने २००८ मध्ये प्रसारण कर्मचाऱ्यांसाठी कायदा करून अशा बंदीला आळा घातला. म्हणून करार कोणत्या राज्याच्या कायद्याखाली येतो, ते सहीआधी एजंटकडून लेखी विचारून घ्या.